बिनखोडीचा इन्व्हर्टर

सुखदेवराव गजभिये कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्या मागच्या बाजूला जातात आणि तिच्या पाठीवर थाप मारतात. थाप मारल्यावर वस्तू दचकली नाही, तरच ते पुढचा विचार करतात. पांढुर्ण्याच्या एका विजेच्या दुकानात त्यांनी हा प्रयोग इन्व्हर्टरवर केला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यामुळे पुढील मजकूर ऐकीव नसून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा आहे, असे समजावे.

काउंटरवरच्या त्या पेटीला त्यांनी वळसा घातला, थाप मारली, मागे लोंबणारी वायर उचलून तिच्या मुळाशी काय आहे ते न्याहाळले आणि दुकानदाराला विचारले, "रिकामा उभा असला तं किती खाते हा?"

दुकानदार तरुण होता. "काका, हा इन्व्हर्टर आहे," तो म्हणाला.

"थे दिसून राह्यलं मले. खाते किती, थे सांग."

"हा काही खात नाही, काका. हा देते."

"बिना खाता देते?" सुखदेवरावांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "कोणत्या गावचा तू?"

सुखदेवरावांची सारी नोकरी सौंसर तालुक्यातल्या पशुचिकित्सालयात कंपाउंडर म्हणून झाली. तालुका त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो. मी म्हणत नाही. तहसीलदारांच्या न्यायालयात फायली पुढे ठेवणारा रीडर म्हणून माझे आयुष्य गेले, आणि ज्याची ज्या पदावर नियुक्ती झालेली नाही त्याला ते पद बहाल करणे ही अराजकाची सुरुवात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मात्र मला चारचौघांत ‘वकीलसाहेब’ म्हणतात. माणूस भोळा असल्यामुळे मी त्यांना अडवत नाही.

जनावरांत आयुष्य गेल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारच्या गोष्टी दिसतात: बिनखोडीच्या आणि खोडीच्या. खोड म्हणजे विकणाऱ्याने लपवलेली आणि घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळणारी वाईट सवय. बैल नांगराला चांगला असतो, पण पाण्यात उतरत नाही. गाय दूध देते, पण घरच्या धन्यालाच लाथ मारते. सुखदेवरावांच्या मते कुकर, छत्री, सायकल आणि आमदार या सर्वांना हाच नियम लागू आहे. "जनावर बोलत नाही जी," ते म्हणतात, "आपल्यालेच आयका लागते." हे सांगून ते कुकरला कान लावतात.

त्यांच्या मुलीला पाहायला नागपूरहून मुलगा आला होता. चहापाणी होताच सुखदेवराव त्याला म्हणाले, "चाला, जरा स्टँडवरी जाऊन येऊ." वाटेत स्वतः चार पावले मागे राहिले. परतल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला, कौसल्याबाईंना, हळूच म्हणाले, "उजव्या पायावर जरासा भार टाकते, पण कामाचा आहे." ते घर लहान आणि भिंती पातळ, त्यामुळे हा अभिप्राय मुलाकडच्यांनीही ऐकला. लग्न तरीही झाले. जावई आजही कामाचा आहे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

निवृत्तीबरोबर सुखदेवरावांचे सरकारी क्वार्टर गेले. सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचे संत्र्याचे लहानसे शेत आहे. त्यांचा आणि माझा बांध एक. तिथे त्यांनी दोन खोल्यांचे पक्के घर बांधले. ओटा कुठे हवा, मोरी कुठे हवी, खिडकी किती उंचीवर हवी हे कौसल्याबाईंनी रोज येऊन, खुर्ची टाकून, गवंड्याला सांगितले. घर उभे राहिले. वीज आली नाही.

विजेचा शेवटचा खांब घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वीज कंपनीचे म्हणणे असे की, तेथून पुढचे खांब अर्जदाराने स्वखर्चाने उभारावेत, आणि उभारल्यानंतर ते कंपनीच्या मालकीचे होतील. दुसऱ्याने पैसे द्यायचे, आपण मालक व्हायचे, आणि वर त्यालाच दरमहा बिल पाठवायचे, या व्यवहाराला भारतीय करार कायद्यात कोणते नाव आहे, अशी विचारणा मी कंपनीकडे केली. आमचा भाग हिंदी राज्यात पडल्यामुळे इथे माणसाला राग मराठीत येतो आणि तक्रार मात्र हिंदीत करावी लागते. ‘विषयांतर्गत निवेदन है कि’ एवढे लिहीपर्यंत निम्मा राग सांडतो. उरलेला निम्मा मी रजिस्टर्ड डाकेने पाठवला. उत्तर आले की, आपले पत्र संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आले आहे. संबंधित कोण, असे विचारले. ते पत्रही संबंधितांकडे अग्रेषित झाले. हा संबंधित नावाचा इसम या देशाचा खरा राज्यकर्ता असून त्याला आजपर्यंत कोणी पाहिलेले नाही.

याच सुमारास कौसल्याबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे नागपुरात ऑपरेशन झाले. मुलीकडे राहून, पाय मोकळे झाले की त्या परत येणार होत्या. पाय मोकळे झाले. पण त्यांनी नवऱ्याला फोनवर सांगितले, "अंधारात काठी टेकत मोरीकडं जानं आता माह्याच्यानं होत नाही. लाइट लागली का सांगजा, मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसीन."

मागणी रास्त होती. सुखदेवरावांनी ती तात्काळ मान्य केली आणि वीज कंपनीचा नाद सोडून थेट सूर्याशी संधान बांधले. छपरावर सौर पॅनल चढले. आतल्या खोलीत बॅटऱ्या एका ओळीत, दावणीला बांधल्यासारख्या, उभ्या राहिल्या. आता हवा होता तो फक्त इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीत साठलेली वीज पंख्याला आणि दिव्याला चालेल अशी करून देणारी पेटी. सुखदेवराव हे जास्त सोपे करून सांगत: "पॅनल म्हंजे कडबा, बॅटरी म्हंजे कोठा, अन् हा ओढणारा. कडबा कोणाचाबी घ्या. ओढणारा पाहून घ्या लागते."

सूर्य तयार होता, बॅटऱ्या तयार होत्या, नागपुरात कौसल्याबाई बॅग भरून तयार होत्या. सारे अडले ते या पाहण्यापाशी.

म्हणूनच आम्ही पांढुर्ण्याच्या त्या दुकानात उभे होतो. खाण्याच्या प्रश्नाने हबकलेल्या दुकानदाराने विषय बदलला आणि खोक्याकडे बोट केले. "काका, हजारचा आहे. दोन-तीन पंखे, लाइट, टीव्ही, सब चलेगा."

येथे मला हस्तक्षेप करावा लागला. "हजार काय?"

"व्हीए."

"आणि वॅट किती?"

त्याने खोके तिरपे करून तळाशी पाहिले. "आठशे. पण थे टेक्निकल असते, काका."

खोक्यावर हजाराचा आकडा तळहाताएवढा होता. आठशेचा आकडा तळाशी, मुंगीच्या पायाने लिहिल्यासारखा. दूधवाल्याने मापावर हजार लिहून आठशे घातले तर त्याला भेसळ म्हणतात. कारखानदाराने तेच केले की ते तांत्रिक ठरते. याबाबत मी कारखान्याला सविस्तर लिहिले. व्हीए आणि वॅट हे वेगवेगळे असतात, असे त्यांनी कळवले आणि माझा दिवस शुभ जावो अशी इच्छा व्यक्त केली. ते वेगवेगळे असतात हेच तर माझे म्हणणे होते! वेगवेगळे असतात तर दोन्ही आकडे सारख्या अक्षरांत छापा. माझा तो दिवस शुभ गेला नाही.

तिकडे सुखदेवरावांची उलटतपासणी चालूच होती. "चढावावर कसा आहे?"

"चढाव?"

"मोटर चालू होते तवा पह्यले हिसका देते न? सपाटीवर सगळेच बैल चालते. चढावावर गुडघे टेकते का, थे सांग."

दुकानदाराचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला कळला होता. "डबल लोड झेलते, काका. पाच सेकंद."

"पाच सेकंदात कोणता चढाव संपते रे?"

त्यांचे काही प्रश्न असे वर्मी बसत. काहींना मात्र या पृथ्वीवर उत्तर नव्हते. कारखान्यातून सीलबंद आलेल्या पेटीविषयी त्यांनी विचारले, "याच्या पह्यले कोणाकडं होता?" कोणाकडेच नाही, असे कळल्यावर त्यांचा संशय वाढला. "कोणाकडंच नव्हता? मंग याले वळण कोणं लावलं?"

शेवटी भावाची वेळ आली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात धरतात आणि बोटे दाबून आकडा ठरवतात, म्हणजे बाजूच्या दलालाला कळत नाही. सुखदेवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दुकानदाराच्या हातावर पसरला आणि आत हात घालून त्याची बोटे दाबू लागले. त्या पोराला वाटले, म्हाताऱ्याला चक्कर येत असून तो आधार शोधतो आहे. त्याने घाबरून त्यांचा हात घट्ट धरला. "काका, पानी पिओगे? बैठो, बैठो."

"झालं," सुखदेवराव दुपट्टा झटकत म्हणाले. "दोन बोटं दाबले त्यानं. वकीलसाहेब, तुम्ही साक्षी आहे."

मला नाइलाजाने सांगावे लागले की, कापडाखाली काय घडले ते मला दिसले नाही, आणि जे दिसले नाही त्याची साक्ष मी परमेश्वराच्या बाजूनेही देत नाही. सुखदेवराव मोहगावच्या फाट्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तो पहिला इन्व्हर्टर अखेर छापील भावाने घरी आला, आणि थोड्याच दिवसांत परत गेला. बैल जसा चार दिवस वाहून पाहायचा आणि खोड निघाली तर परत करायचा, तसाच हाही व्यवहार आहे, असे सुखदेवरावांनी गृहीत धरले होते. खोड अशी की, त्याच्यावर पंखा लावला की पंखा घुमत असे. "कण्हून राह्यला पंखा," ते म्हणाले. "रात्रभर कोणी आजारी असल्यावानी वाटते घरात." तंत्रज्ञांच्या भाषेत त्या स्वस्त यंत्राची वीज ओबडधोबड लहरीची होती. गुळगुळीत लहरीचे महागडे यंत्र घेतले की पंखा कण्हत नाही. दुकानदाराने हे आधी सांगितले नव्हते, म्हणजे माहिती दडवली होती. आणि दडवलेली माहिती ही माझी आवडती बाब आहे.

"काका, ये बैल नहीं है, वापस नहीं होता," दुकानदार म्हणाला.

मी त्याच्यासमोरच वॉरंटीचा कागद वाचायला घेतला. त्यानुसार यंत्राला ऊन, धूळ, ओल, मुंगी, पाल यांपैकी कशाचाही संपर्क झाल्यास कंपनी जबाबदार नव्हती. सूर्यावर चालणाऱ्या यंत्राने उन्हापासून दूर राहायचे होते! मे महिन्याच्या सौंसरमध्ये ऊन, धूळ, मुंगी आणि पाल नसलेली जागा कंपनीने स्वतः येऊन दाखवावी, तिथे आम्ही यंत्र ठेवू आणि शक्य झाल्यास स्वतःही राहू, असे मी लिहून पाठवले. ग्राहक संरक्षण कायद्याचा उल्लेख तीन ठिकाणी केला. इन्व्हर्टर परत घेतला गेला. माझ्या पत्रव्यवहाराच्या प्रदीर्घ इतिहासात विजय थोडे आहेत, म्हणून हा येथे नोंदवतो.

दुसरा इन्व्हर्टर गुळगुळीत लहरीचा होता. पंखा शांत झाला. पण तो खादाड निघाला. घरातला एकही दिवा लागलेला नसताना, नुसता चालू राहून, सकाळपर्यंत तो बॅटरीचा मोठा हिस्सा फस्त करी. "उभ्याउभ्या कोठा खाल्ला यानं," सुखदेवराव विजयी मुद्रेने म्हणाले. "मी पह्यल्याच दिवशी इचारलं होतं, खाते किती. तवा हासले तुम्ही." मी हसलो नव्हतो. पण मुद्दा बिनतोड होता. तोही परत गेला.

या काळात कौसल्याबाई दर दोन-तीन दिवसांनी मलाही फोन करीत. "जय भीम, भाऊजी. मिळाला का हो इन्व्हर्टर? आमच्या यांले म्हनाव, माणूस घेऊन राह्यले का मशीन? इथी बसून बसून कंटाळा आला मले." मी सांगे की, प्रकरण विचाराधीन आहे. पुढे फोन आठवड्याने येऊ लागले. त्यांत नातीच्या शिकवणीची वेळ असे, लिफ्ट किती सोयीची आहे ते असे, आणि खालच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या बायकांची नावे असत. या विलंबाची सर्व जबाबदारी सुखदेवरावांवर आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि तो त्यांना तोंडी व लेखी कळवला.

तिसरा इन्व्हर्टर नागपूरहून आणवला. कण्हत नव्हता, खात नव्हता. पंखा चालू असतानाच पाण्याची मोटर लावली, तरी त्याने गुडघे टेकले नाहीत. मी मनातल्या मनात या फाइलवर ‘निकाली’ असा शेरा मारला. चौथ्या दिवशी पाहतो तो सुखदेवराव त्याला पोत्यात गुंडाळत होते.

"आता काय?"

"हा नाही ठेवत, जी."

"कारण?"

ते जरा घुटमळले. "हिरवा लाइट असते तवरी ठीक आहे. पण लाल झाला का माणसाकडं पाहून राह्यते."

"सुखदेवराव, बॅटरी उतरली की लाल दिवा लागतो. पुस्तिकेत लिहिले आहे."

"पुस्तकात लिहिलं असन. डोळा चांगला नाही त्याचा."

"बैलाच्या पाठीवरचा भोवरा पाहून अपशकुन सांगणाऱ्यांची तुम्ही आयुष्यभर टर उडवली!"

"भोवरा-फिवरा आम्ही बौद्ध लोकं मानत नाही, वकीलसाहेब. डोळा पाह्यतो. डोळ्यात कोणता धर्म आला?"

इन्व्हर्टरची नजर वाईट आहे, या कारणास्तव परतीचा अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा? मी त्यांना बजावले की, यापुढे माझे एकही पत्र त्यांना मिळणार नाही. चौथा इन्व्हर्टर मी निवडेन, सौंसरच्या दुकानातून निवडेन, शेतावर आणून सर्वांसमक्ष त्याची परीक्षा होईल, आणि त्यात खोड निघाली नाही तर तो अंतिम समजला जाईल. पुढे अपील नाही.

"बरं," ते म्हणाले. एवढ्या चटकन ते कशालाच कबूल होत नाहीत. मला वाटले, माझ्या आवाजाचा परिणाम झाला.

परीक्षेचा दिवस कोरडा, लख्ख उन्हाचा होता. बागेत संत्री उतरवणे चालू होते आणि क्रेट भरणाऱ्या बायाही तमाशा पाहायला दारात जमल्या. दुकानातल्या माणसाने तारा जोडल्या. पंखा लागला, दिवे लागले. मी आणवलेला मिक्सर दाणे घालून फिरवला. त्यावर पाण्याची मोटर चालू केली. दिवे किंचित लवले आणि पुन्हा ताठ झाले. मग सर्व बंद करून, तो रिकामा उभा असताना किती खातो, ते मीटर लावून पाहिले. उपवास करणाऱ्या माणसाइतके.

सुखदेवराव त्याच्या मागे गेले. थाप मारली. कान लावला. मग समोर पाट घेऊन बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. दारातली एक बाई म्हणाली, "डाक्टरसाहेब, थर्मामीटर लावा न!" सगळ्या हसल्या. ते हसले नाहीत.

"बोला," मी म्हणालो. "खोड?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही जी. बिनखोडीचा आहे."

मालकाने हंबरडा फोडायच्या आधी ते गोठ्यात ज्या आवाजात सांगत असत की आता हे जनावर उठणार नाही, त्या आवाजात ते हे म्हणाले. तो आवाज माझ्या कानाला खटकला. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेला पक्ष आवाजाची चौकशी करीत नाही.

त्यानंतर मी नागपूरच्या गाडीची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसीन, असे त्या बाईंचे शब्द होते. आठवडा गेला, मग आणखी एक. संध्याकाळी माझ्या बांधावरून पाहावे, तर सुखदेवरावांचे घर काळे. मी समजायचे ते समजलो. चौथाही दगा देऊन गेला. विक्रेता माझ्या निवडीचा, परीक्षा माझ्या देखरेखीखाली. तेव्हा ही फसवणूक व्यक्तिशः माझी होती. मी नोटिसीचा मसुदा केला, खिशात घातला आणि दिवेलागणीला बांध ओलांडून तणतणत तिकडे गेलो.

ते अंगणात खाटेवर बसून संत्रे सोलत होते. उघड्या दारातून आतल्या खोलीत इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका दिसत होता.

"बिघडला ना?" मी म्हणालो.

"नाही जी. बसा."

"बॅटरी उतरली?"

"भरून आहे. आज ऊन चांगलं होतं."

"मग अंधारात का बसलात?"

त्यांनी संत्र्याचे दोन भाग केले आणि मोठा माझ्या हातात दिला. "लाइट लावला का रस्त्यावरून दिसते. कोणी ना कोणी नागपूरले फोन करून सांगते का, लागला बाप्पा लाइट."

"मग सांगू द्या! याचसाठी तर हा सारा खटाटोप. तुम्हीच का नाही सांगत बाईंना?"

ते फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढत होते. "सांगतलं, अन् नाही आली तं?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

"आतावरी लोकं इचारत, डॉक्टरसाहेब, बाई कोठी आहे? मी म्हनो, इन्व्हर्टर नाही न, म्हून थांबली आहे. लोकं म्हनत, हो, बराबर आहे." त्यांनी आतल्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिले. "आता काय सांगू?"

मी विचारले, "तिसऱ्यात काय खोड होती हो?"

"त्याच्यात? काहीच नव्हती. लय गुणाचा होता."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात संत्र्याच्या रसाने चिकट झाले होते, म्हणून त्यांनी करंगळीने तो स्पीकरवर घेतला. कौसल्याबाईंच्या मागे टीव्ही चालू होता आणि एक लहान मुलगी त्यांना ‘आजी, ये ना’ म्हणून हाका मारत होती.

"जेवले का?"

"नाही अजून. वकीलसाहेब आले आहे."

"जय भीम, भाऊजी. बरे आहे न? काहो, त्या इन्व्हर्टराचं काय झालं मंग?"

सुखदेवरावांनी माझ्याकडे पाहिले. अंधार होता, तरी पाहिलेले कळले. साक्षीदाराने कोणत्याही क्षणी तोंड उघडावे आणि प्रकरण संपावे, अशी परिस्थिती होती. मी फोड तोंडात टाकली.

"पाहून राह्यलो," ते म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला. "पाहा, पाहा. घाई नोका करजा. चांगला पाहूनच घ्या." मग त्या थांबल्या. "असंही आता थंडीचं माहे पाय आखडते. उन्हाळ्यात पाहू."

"हो."

"स्वेटर घालता न संध्याकाळी?"

"घालतो." त्यांच्या अंगात स्वेटर नव्हता.

"बरं, ठेवतो," त्या म्हणाल्या. "पोट्टी बोलावून राह्यली."

फोनचा उजेड विझला. सुखदेवराव थोडे पुढे सरकले. "आयकलं न तुम्ही? नाही येत, असं नाही म्हनाली. उन्हाळ्यात म्हनाली."

"ऐकले."

"स्वेटराचंबी इचारलं."

"तेही ऐकले."

मी उठलो. बांधावरून परत जायची माझी हिंमत नव्हती. तिथे ओलिताचे पाट फोडलेले होते. रस्त्याने जातो, म्हणालो. ते माझ्यामागे उठले. "थांबा जी, पडान कुठी." आत गेले आणि दारावरचा दिवा लागला. सारे अंगण, खाट, संत्र्याच्या साली, विहिरीकडची पायवाट एकदम उजेडात आली. लखलखीत, न थरथरणारा उजेड होता.

"तुमच्यासाठी लावला," दारात उभे राहून ते म्हणाले. "तिले नोका सांगजा."

मी मान हलवली आणि चालू लागलो. माझी सावली पुढे लांबच लांब पडत होती, आणि तिच्या पाठोपाठ मी झाडांमधून वाट काढत गेलो. डांबरी रस्त्याला पाय लागला, मागे दिवा विझला, आणि सावली पुसली गेली.